तळे, केंदाळ आणि पाण्याची पारख

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे गाभारा, सभामंडप, शिखर व कळस यांचा हिशेब प्रथम मांडला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रातील कितीतरी देवळांना लागून तळे, कुंड किंवा बारव असते, व ती बांधणाऱ्याने देवळाइतकेच मन त्या पाण्यावर खर्च केलेले दिसते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी देशभर देवळे उभारली, त्याच हाताने घाट आणि विहिरीही बांधल्या. त्याहून पुष्कळ मागे गेले तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तीर्थस्थानी, पाणवठ्यावर किंवा देवळाशी घाण करणाऱ्यास दंड सांगितला आहे. म्हणजे पाणवठ्याची स्वच्छता ही गावाची जबाबदारी होय, ही कल्पना आपल्याकडे काही साहेबाने आणलेली नाही.

साहेबाच्या काळात आले ते दुसरेच, आणि त्याचाच इतिहास येथे सांगावयाचा आहे. सरकारी कागदात तिला 'जलपर्णी' म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे 'केंदाळ' म्हणतात. जाड, चकचकीत हिरवी पाने, देठाशी फुगलेली भोपळी, खाली काळसर मुळांचा झुपका आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा. दिसावयास इतकी देखणी की प्रथम पाहणाऱ्यास ही देवाला वाहावी असे वाटावे. या देखणेपणानेच सगळा घात केला.

जलपर्णीचे माहेर दक्षिण अमेरिका, त्यातही ॲमेझॉन नदीचे खोरे. तेथे ती फार माजत नाही, कारण तिला खाणारे किडे तेथेच आहेत. एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रशियाच्या आयखहॉर्न नावाच्या मंत्र्याच्या सन्मानार्थ तिचे 'आयखहॉर्निया' असे नामकरण केले. मंत्रिमहोदयांचे कार्य आज कोणास आठवत नाही, नाव मात्र या तणामुळे जगभर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेची फुले म्हणून हौशी लोकांनी ती देशोदेशी नेली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी १८८४-८५ साली भरलेल्या कापसाच्या प्रदर्शनातून तिची रोपे लोकांनी घरोघर नेली असे सांगतात. हौद भरला की जास्तीची रोपे ओढ्यात टाकायची, एवढेच निमित्त. काही वर्षांतच तेथील नद्यांतून आगबोटी चालणे कठीण झाले.

तिची वाढ कशी असते हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. अनुकूल हवामानात तिची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. अमेरिकेतील अभ्यासकांनी मांडलेला हिशेब असा, की दहा रोपांपासून आठ महिन्यांच्या हंगामात ६,५५,३६० रोपे होतात. याचा व्यवहारी अर्थ ग्रामस्थांनी नीट ध्यानात घ्यावा. तळे अर्धे भरलेले दिसते तेव्हा लोक म्हणतात, 'अजून अर्धे मोकळे आहे, पुढच्या महिन्यात पाहू.' प्रत्यक्षात ते पूर्ण भरण्यास पंधरवडाच उरलेला असतो. तळ्याचा सोळावा हिस्सा, म्हणजे कोपऱ्यातला एक हिरवा पट्टा, दिसतो त्या दिवशी केवळ दोन महिने हातात असतात, आणि काम करावयाचे तर त्याच दिवशी.

अमेरिकेने या तणाशी कशी झुंज दिली हे पाहण्यासारखे आहे. १८९९ साली तेथील संसदेने हे तण काढण्याचे काम कायद्याने लष्कराच्या अभियंत्यांकडे सोपविले. बोटींनी तोडून भागेना तेव्हा सोमलाचे विष फवारले. तण मेले, पण फवारलेला पाला खाऊन गुरेही मेली. १९१० साली लुइझियानाच्या एका लोकप्रतिनिधीने, आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांत सोडावेत, ते तण खातील आणि त्यांचे मांस लोक खातील, असे विधेयकच संसदेत मांडले. ते मंजूर झाले नाही. एका संकटावर दुसरे संकट आयात करण्याची हौस सर्व देशांत सारखीच असावी!

आपल्या देशात जलपर्णी प्रथम बंगालमध्ये रुजली, तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि तीही बागेतील फूल म्हणून. बंगाली लोक तिला 'कचुरीपाना' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिला 'जर्मन पाना' असेही नाव पडले होते. शत्रूनेच हे तण सोडले असा लोकांचा समज झाला. पूर्व बंगाल म्हणजे नद्या, खाड्या आणि पाणथळ भातशेतीचा मुलूख. तेथे पुराबरोबर तणाचे तराफे शेतात शिरून उभे भात दाबून टाकू लागले, होड्या अडकू लागल्या, मासळी घटली. १९२१ साली सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते थोर शास्त्रज्ञ सर जगदीशचंद्र बोस. एवढ्या मोठ्या माणसाला एका तणासाठी पाचारण करावे लागले, यावरून संकटाचा आकार कळतो.

पुढे १९३६ साली 'बंगाल जलपर्णी कायदा' झाला. आपल्या घराच्या किंवा जमिनीच्या आवारात जलपर्णी ठेवणे त्याने गुन्हा ठरविले, आणि सरकारी मोहिमेत हातभार लावणे हे कर्तव्य ठरविले. १९३७ च्या निवडणुकीत तर सर्व प्रमुख पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णी निर्मूलनाचे वचन होते. फजलुल हक मुख्यमंत्री झाले आणि १९३९ साली 'जलपर्णी सप्ताह' पाळण्यात आला. या सामुदायिक कामाने बंगालला बराच दिलासा मिळाला. कायदा कागदावर राहतो तो राबविणारे हात नसल्यामुळे. बंगालमध्ये हात होते म्हणून त्याचा उपयोग झाला. पण तण समूळ गेले नाही. आजही बांगलादेशाच्या दक्षिण भागातील शेतकरी जलपर्णीचेच जाड तराफे रचून, ते कुजल्यावर त्यावर भाजीपाल्याची तरंगती शेती करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१५ साली या पद्धतीस जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. ज्याला हटविता येत नाही त्याला कामाला लावावे, हा शहाणपणा शेतकऱ्याचाच.

यानंतरची हकीकत केरळची. तेथील वैरी जलपर्णी नव्हे, तर तिच्याहून लहान, पाण्यावर तरंगणारे एक नेचे. शास्त्रीय नाव साल्व्हिनिया. केरळात त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. आफ्रिकेतील करिबा धरणाच्या जलाशयातही ते माजले होते. केरळात ते १९५० नंतरच्या दशकात प्रथम दिसले आणि १९६४ पासून उपद्रवी ठरले. कुट्टनाडची भातखाचरे, कालवे, होडीचे मार्ग सर्व त्याने व्यापले. पेरणीपूर्वी शेतातून ते ओढून काढण्यासाठी हेक्टरी २३५ रुपये मजुरी पडू लागली, आणि त्या काळी २३५ रुपये ही लहान रक्कम नव्हती.

यावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांची जी फसगत झाली ती मोठी उद्बोधक आहे. या नेच्याला सुरुवातीस चुकीचे नाव दिले गेले. दक्षिण अमेरिकेतील एका मिळत्याजुळत्या जातीचेच हे रोप आहे असे धरून, त्या जातीवर जगणारे किडे आणून सोडले गेले. भारतातही एक नाकतोडा आणून पाहिला. काही केल्या तण हटेना. १९७२ साली सिद्ध झाले की ही जात मुळात वेगळीच आहे. १९७८ साली ब्राझीलच्या आग्नेय भागात तिचे खरे माहेर सापडले आणि तेथेच तिला खाणारा, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा एक काळा भुंगाही सापडला. ऑस्ट्रेलियातील मूनडारा नावाच्या जलाशयात १९८० साली तो सोडला. वर्ष-सव्वा वर्षात त्याने सुमारे १८,००० टन तण संपविले. ज्या ऑस्ट्रेलियन संस्थेने हे काम केले तिला १९८५ साली युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

भारतात हा भुंगा १९८२ साली आला. भात, ऊस आदी पिकांना तो तोंड लावतो काय, याची बंगळूर येथे आधी तपासणी झाली. तो त्या तणावाचून दुसरे काही खात नाही, उपाशी मरतो, अशी खात्री झाल्यावरच सोडण्यात आला. बंगळूरच्या एका कमळतळ्यात अकरा महिन्यांत तण नाहीसे झाले. मग केरळात सोडला, आणि १९८८ च्या सुमारास बहुतेक कालवे व खाचरे मोकळी झाली. केवळ मजुरीतील बचत वर्षाला सुमारे ६८ लाख रुपये भरली. पाणघोडे जे करणार होते ते तिळाएवढ्या भुंग्याने केले.

त्याच सुमारास जलपर्णीसाठीही दोन जातींचे भुंगे आणि एक कोळीवर्गीय सूक्ष्म कीटक बंगळूरच्या संशोधकांनी आणले व १९८३-८४ पासून तलावांत सोडले. मोठा भुंगा पान कुरतडतो, अळी देठ पोखरते, त्यात पाणी शिरून रोप सडते व बुडते. बंगळूर परिसरातील अनेक तलाव दोन-तीन वर्षांत मोकळे झाले. येथवरची कथा आनंदाची आहे.

परंतु त्याच बंगळूरचे पुढे काय झाले? शहर वाढले, सांडपाणी तलावांत येत राहिले. बेळंदूर तलावावर फेसाचे डोंगर उभे राहिले, २०१५ साली त्या फेसाने पेट घेतला, आणि २०१७ व २०१८ साली तलावातील व काठावरील गवत-कचऱ्याच्या आगी वर्तमानपत्रांतून साऱ्या देशाने पाहिल्या. पाण्याला आग लागली! जलपर्णीही परत आली. भुंगा कुचकामी ठरला काय? तसे म्हणता येत नाही. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तणाचे खत होय. खत अमाप मिळाले की भुंगा जितके खातो त्याहून अधिक ते वाढते. शिवाय मध्येच यंत्राने सरसकट तण उचलले किंवा औषध मारले तर भुंग्यांची पैदासही त्याबरोबर जाते, आणि उरलेल्या चार रोपांना रान मोकळे मिळते.

म्हणून जलपर्णी हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, असे जे जाणकार म्हणतात ते खरे मानावे लागते. महाराष्ट्रात याचे दाखले शोधण्यास दूर जावे लागत नाही. इंद्रायणी देहू-आळंदीवरून वाहते, तुळापूरला भीमेस मिळते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठेतून भीमेतच येते. हे सारे पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठते आणि तेथून पंढरपुरास चंद्रभागेत जाते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारी जलपर्णी आणि फेस वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. ज्या पाण्यात स्नान करावयाचे त्याची ही अवस्था. कोल्हापूरच्या रंकाळ्यातही नाले मिसळले आणि केंदाळ माजले. मुंबईतील पवई तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण त्याचे पाणी पिण्याचे राहिले नाही. केंद्र सरकारने २००१ साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना काढली, तीत पवई व रंकाळा दोन्ही घेतले गेले. पैसा खर्च झाला, गाळ-केंदाळ निघाले. तरी जेथे नाला चालू राहिला तेथे हिरवा थर पुनः पुनः येतो. कायद्यांची वाण म्हणावी तर तीही नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली केला, १९७० साली मंडळ स्थापले, आणि देशाचा कायदा त्यानंतर १९७४ साली झाला.

देणगीदारांच्या दृष्टीने येथे पैशाचा प्रश्न येतो. जलपर्णीचा दाट थर हेक्टरी दोनशे टन किंवा अधिक भरतो आणि त्यात शेकडा ९५ भाग नुसते पाणी असते. ट्रॉलीत तीन टन धरले तरी एका हेक्टराला सत्तर खेपा. म्हणजे डिझेल जाळून पाणीच वाहून न्यायचे! त्यापेक्षा काठावर, पुराच्या रेषेच्या वर, पसरून सुकविले तर वजन नावालाच उरते, मग शेणाबरोबर थर देऊन खत करता येते. काठालगत ढीग ठेवले तर पहिल्या वळवातच ते परत तळ्यात येतात. हे अनेक गावी घडते आणि दरवर्षी नव्याने घडते. काम एप्रिल-मे महिन्यांत, पाणी कमी असताना व फुलोऱ्याआधी करावे. आणि वर्गणीचा पहिला रुपया केंदाळ उपसण्यावर नव्हे, तर तळ्यात येणारे गटार वळविण्यावर, शोषखड्ड्यांवर आणि निर्माल्याच्या कुंडावर पडावा. हा क्रम उलटा लावला तर तोच खर्च दर साली करावा लागतो.

सगळेच पाणगवत वैरी नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी तलाव शेकडो वर्षांचे. कोहळी लोकांनी बांधलेले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि देखरेख करणारा हात गेला. काठाकाठाने बेशरम माजली. बेशरमही परदेशीच, गुरे तिला तोंड लावीत नाहीत म्हणून तिचे चांगलेच फावते. अलीकडे तेथील ढिवर मच्छीमारांनी व त्यांच्या बायाबापड्यांनी बेशरम मुळापासून काढली, तळ्याची जमीन नांगरली आणि देशी पाणवनस्पती हाताने परत लावल्या. त्यांच्या आश्रयाने देशी मासे व पाखरे परतली. कोणते रोप ठेवावे व कोणते उपटावे हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता पाण्याच्या पारखीविषयी. पाणी नितळ दिसले म्हणजे शुद्ध असते असे नाही, आणि गढूळ दिसले म्हणजे विषारीच असते असेही नाही. तरी डोळ्याची पारखही पद्धतशीर केली तर उपयोगी पडते. १८६५ साली इटलीत अँजेलो सेक्की या धर्मगुरूने, जो मोठा खगोलशास्त्रज्ञही होता, पोपच्या नौकेवरून पांढऱ्या तबकड्या दोरीने समुद्रात सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजले. आजही जगभर सरोवरांची तपासणी याच तबकडीने सुरू होते. वीतभर व्यासाची पांढरी रंगविलेली लोखंडी थाळी आणि खुणा केलेली दोरी यापलीकडे खर्च नाही. दर पंधरवड्यास, त्याच जागी, भर दुपारी मोजून वहीत लिहिले की शाळेतील मुलांनाही तळे सुधारते की बिघडते ते कळते.

दुसरी गोष्ट पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तो मोजण्याची रीत हंगेरीच्या विंक्लर यांनी १८८८ साली बसविली, ती अजून चालते. केंदाळाच्या थराखाली उजेड पोचत नाही, कुजणारा पाला प्राणवायू खातो, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. हे दृश्य दिसले की प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही. औषध मारून तण एकदम मारल्यासही हेच होते. मेलेला थर बुडून कुजतो आणि मासळी मरते. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे आपल्या देशाचे मानक आहे.

तिसरी, आणि माणसाच्या जिवाशी सर्वांत निगडित, म्हणजे मैलापाण्यातील जंतू. हे डोळ्यास दिसत नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, हे फार जुने नाही. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात मैल्यातील जंतू एकही नसावा, असा नियम आहे. खेडोपाडी यासाठी एक लहान बाटली मिळते. तीत पाणी भरून ठेवले व एक-दोन दिवसांत काळे पडले तर पाणी दूषित समजावे. टीसीएल पावडर टाकल्यावर क्लोरीन उतरला की नाही हे ओटीच्या थेंबांनी पिवळ्या रंगावरून कळते. ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेवरून लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहेच, आणि २०१९ च्या जलजीवन मिशनपासून गावातील पाच महिलांना तपासणी शिकविण्याची तरतूदही झाली. तपासणी संच मात्र पुष्कळ ठिकाणी कपाटात राहतो. त्यातील औषधांनाही मुदत असते, ती संचावर छापलेली असते.

वही सुरू केली तर ती किती वर्षे चालवावी, असा प्रश्न सभेत निघू शकतो. त्याचे उत्तर जलपर्णीच्या बियांत आहे. तिचे बी गाळात पंधरा ते वीस वर्षे जिवंत राहते. यंदा तळे अगदी लख्ख केले तरी आज बालवाडीत असलेले मूल मतदार होईपर्यंत त्या बियांना कोंब फुटू शकतात. उन्हाळ्यात पाणी आटून काठचा गाळ उघडा पडतो, आणि पहिल्या पावसानंतर त्यावर नखाएवढ्या पानांची हिरवी रोपे दिसू लागतात, ती तीच. त्या आठवड्यात ती दोन बोटांनी उपटून निघतात, आणि लहान तळ्याचा सारा काठ फिरून येणे हे दोन माणसांचे एका सकाळचे काम असते.